मावशींनी मारलं, असं मूल सांगतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात एका ताईंचं घरगुती पाळणाघर आहे. सव्वीस मुलं, कामाला चौघीजणी. सोमवारी रात्री एका आईचा फोन आला: अडीच वर्षांच्या मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला काळानिळा वण आहे आणि "मावशीनं केलं" असं तो म्हणतो. मंगळवारी सकाळी वणाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. मावशी सहा वर्षं कामाला आहेत, आजवर कुणाचा बोल लागलेला नाही. कॅमेरा हॉलमध्ये आहे, झोपायच्या खोलीत नाही. ताई विचारतात: मावशींना लगेच काढू का, पोलिसांत जाऊ का, की मुलाला आणि मावशींना समोरासमोर बसवून काय ते एकदाचं विचारून टाकू?

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. समोरासमोर बसवू नका. मुलाला तुम्ही काहीच विचारू नका. आईनं सोमवारी रात्री विचारलंय, बाबांनी विचारलं असणार, आजीनं फोनवर विचारलं असणार. आता त्यात तुमची भर नको.

अडीच वर्षांचं पोर खोटं बोलतं असं मला म्हणायचं नाही. ते बहुतेक वेळा खरंच सांगत असतं, फक्त आपण विचारलेल्या गोष्टीबद्दल सांगत असतंच असं नाही. "काल" म्हणजे त्याच्यासाठी मागचं सगळं. परवाचा दवाखाना, दिवाळीला आलेली आजी, सकाळचं दूध, सगळं कालच. आणि मोठं माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला लागलं की त्याला एवढंच कळतं, आपलं मघाचं उत्तर चुकलं. मग ते उत्तर बदलतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझं पहिलं पाळणाघर अशोक चौकाच्या पलीकडे होतं. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी. एका संध्याकाळी एक वडील सव्वातीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन परत दारात आले. गालावर नखाचा ओरखडा. "अक्का कोट्टिंदी म्हणायलीय," ते म्हणाले. अक्कानं मारलं. आमच्या एका मावशींना मुलं अक्का म्हणायची. मी मावशींना बाहेर बोलावलं, त्यांच्याकडे बोट केलं आणि मुलीला विचारलं, "ह्या अक्कानं?" तिनं मान हलवली. वडिलांनी विचारलं, मान हलवली. दारात उभ्या असलेल्या दोन आयांनी विचारलं, पुन्हा मान. चार वेळा मान हलली म्हणजे चार पुरावे झाले असं मला वाटलं. मावशी काही बोलल्याच नाहीत. "उद्यापासून येऊ नका," मी म्हणाले, आणि पालकांसमोर आपली बाजू राहिली म्हणून त्या रात्री नीट झोपलेसुद्धा.

दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या एका मुलाच्या गालावर तसाच ओरखडा. मावशी तर नव्हत्याच. मग मी दोन दुपार नुसती कोपऱ्यात बसून राहिले. शाळा सुटली की एक साडेसहा वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची, तिच्या आईची सुटी होईपर्यंत. बारक्यांना गोळा करून बसवायची, शिस्त लावायची, आणि कुणी तिच्या दप्तराला हात लावला की त्याचा गाल ओढायची. सगळी बारकी तिला अक्का म्हणायची. म्हणणारच की. तेलुगू घरात मोठ्या बहिणीला दुसरं काय म्हणतात?

मी मावशींच्या घरी गेले. मांडीवर सूप घेऊन त्या कात्रीनं पानं कापत बसल्या होत्या. पाळणाघराचा पगार गेला, म्हणून परत विड्या. हजार विड्यांमागे मिळेल ती मजुरी. मला पाणी दिलं, चहा केला. परत कामाला आल्या नाहीत.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते आणि जिथं चौकशीला बसते तिथं पाळायला लावते: पहिला फोन येतो तेव्हा सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. "मुलाला मारल्याची तक्रार" असं नाही लिहायचं. आई काय म्हणाली, त्यात मुलाचे शब्द कुठले, आईचे कुठले, हे वेगळं ठेवायचं. आईला दोनच प्रश्न विचारायचे. तो आपणहून काय म्हणाला? आणि त्याच्या आधी तुम्ही त्याला काय विचारलं होतं? "हे कशानं झालं रे?" यावर "मावशी" हे उत्तर एक. "मावशीनं केलं का?" यावर "हो" हे उत्तर वेगळं. दोन्हींत मावशी आहे, पण पहिल्याचं वजन कितीतरी जास्त. आईला हे विचारताना आवाज उलटतपासणीचा नको. ती आधीच, पोराला सोडून कामावर जाते म्हणून स्वतःला दोष देत असते. आणि मूल घरी कोणत्या भाषेत बोललं तेही लिहा. सोलापुरात एकाच खोलीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात. भाषांतर करणारा बाप म्हणजे साक्षीत घुसलेला आणखी एक माणूस.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर १९८३ मध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे भयंकर आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. "बाकीच्यांनी सांगितलं, तूही हुशार आहेस ना, सांग" अशा धाटणीनं मुलांना विचारलं गेलं. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. त्या मुलांच्या बाबतीत प्रत्यक्षात काही घडलं होतं का, हे शोधायची वाटच त्या प्रश्नांनी बंद करून टाकली. चुकीचं विचारलं की निर्दोष माणूस अडकतो आणि दोषी सुटतो, दोन्ही एकाच वेळी. मूल आपणहून बोललं तर मात्र ऐका. "हं, मग?" एवढंच म्हणा. चॉकलेट नको, "मी कुणाला सांगणार नाही" असलं वचन नको. ते खेळायला गेलं की लगेच वहीत लिहा, वेळ टाकून.

आता पोलिसांचं. मुलाच्या बोलण्यात, अंगावर, कपड्यांवर लैंगिक प्रकाराची पुसटशी जरी शंका असेल, तर तुम्ही चौकशी नावाचा प्रकारच करायचा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला असं काही घडल्याचं कळतं किंवा घडेल अशी धास्ती वाटते, त्यानं ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. "आधी खात्री करते, मग कळवते" ही सवलत त्यात नाही. संस्था चालवणाऱ्यानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, तेव्हा वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा नोंदवला गेला. उलट प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पालक पोलीस म्हटलं की घाबरतात, त्यांना सांगा: मुलाला ठाण्यात बसवत नाहीत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, गणवेश घालून येत नाहीत, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी असतं.

तुमच्या प्रकरणात तसं काही सांगितलेलं नाही. पण "एक चिमटा तर आहे" असंही समजू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरतेनं वागणं हा गुन्हा आहे. ज्यांच्यावर मुलं सोपवलेली आहेत अशा संस्थेतल्या माणसानं ते केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. म्हणून आईला पोलिसांत जायचं असेल तर अडवू नका, आणि "आपापसात मिटवू" हे शब्द तर तोंडातून काढूच नका. तेवढ्या एका वाक्यानं मालकीण मावशीच्या बाजूची ठरते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, ११२ पोलिसांची. दोन्ही नंबर दारावर लावलेले नसतील तर लावा.

वण बालरोगतज्ज्ञाला दाखवा. आज. खर्च तुम्ही द्या, पण डॉक्टर आईच्या पसंतीचे असू देत. दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो आईलाच काढायला सांगा. चालत्या-धावत्या मुलाची नडगी, गुडघे, कपाळ, हनुवटी यांवर खुणा असणारच. ज्या पोराच्या नडगीवर एकही डाग नाही ते खेळत नसावं असं मी गमतीनं म्हणते. कान, मान, गालाचा मांसल भाग, पोट, पाठ, मांडीची आणि दंडाची आतली बाजू इथं पडून सहसा लागत नाही. तुमचा वण दंडाच्या आत आहे, म्हणून तो हलक्यात घेऊ नका. चिमट्याचे दोन छोटे डाग समोरासमोर असतात. घट्ट पकडल्याचे एका बाजूला अंगठ्याचा आणि दुसऱ्या बाजूला बोटांचे. अजून न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर वण दिसला, तर जागा कुठलीही असो, सरळ दवाखाना. रंगावरून मात्र दिवस काढायला जाऊ नका. "पिवळा पडलाय म्हणजे शनिवारचा, म्हणजे घरचा" असली गणितं मी पाळणाघरवाल्यांच्या तोंडून फार ऐकली आहेत. वण किती दिवसांचा ते रंगावरून डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.

डॉक्टर का, याचं आणखी एक कारण. एकदा एका तरुण बापानं आठ महिन्यांच्या बाळाच्या कमरेखालचे निळेकरडे पट्टे दाखवले आणि तिथल्या बाईंना शिव्या घालायला सुरुवात केली. डॉक्टरांनी बाळ उपडं केलं आणि हसल्या. जन्मखूण होती. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना ती असते आणि बहुतेकांची पहिल्या काही वर्षांत विरून जाते. आंघोळ रोज आजी घालायची, बापानं बाळाची पाठ कधी नीट बघितलीच नव्हती. त्या दिवसापासून मी प्रवेशाच्या फॉर्मला पाठमोऱ्या आणि पुढून काढलेल्या बाळाचं चित्र जोडते. पहिल्या दिवशी आईसमोर अंगावरच्या सगळ्या खुणा त्यावर काढायच्या, सही घ्यायची. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे "हात हलवत नाही, कुणीतरी पिरगळला". एक ते चार वर्षांच्या मुलाला एका हाताला धरून उचललं, झोका दिला की कोपराचं हाड जागेवरून सरकतं. डॉक्टर क्षणात बसवतात. तो पिरगळलेला नसतो, पण हाताला धरून उचलायचं नाही हे मावशींना शिकवलं नव्हतं, ही चूक आपलीच. चावे तर दोन वर्षांच्या गटात रोजचेच. चाव्यातल्या दोन सुळ्यांमधलं अंतर तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर तो मोठ्या माणसाचा असण्याची शक्यता असते. तिथं डॉक्टरांना नेमकं मोजायला सांगायचं.

मग तुमची खरी चौकशी. मी ती माणसापासून सुरू करत नाही, घड्याळापासून करते. मावशी चांगल्या की वाईट हा प्रश्न घेऊन बसलात तर सहा वर्षांचं प्रेम एका पारड्यात आणि एक फोटो दुसऱ्या पारड्यात, एवढंच होईल. एक मोठा कागद घ्या. सोमवारी मूल दारात आलं तेव्हापासून आई घेऊन गेली तोपर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. सकाळी मुलाला कुणी घेतलं? अंगात काय होतं, बाही कुठवर? कपडे बदलले का, कुणी, किती वाजता? जेवण, शू, झोप, उठणं. प्रत्येक रकान्यात मूल कुठं आणि चौघींपैकी कोण कुठं. अर्धे रकाने रिकामे राहतील. राहू देत. रिकाम्या रकान्यांत आठवणीनं रंग भरू नका, तेच तुम्हाला शोधायचेत.

आमच्या धंद्यात जे घडतं ते बहुधा दोन वेळांना घडतं. एक, जेवणानंतर झोपवताना, सव्वा ते दोन. दुसरी, सहानंतर, पालक उशीर करतात तेव्हा. सव्वा वाजता तुमच्या चौघींपैकी एक जेवायला बसलेली असते, एक भांड्यांना, एक दारात, शाळेतून रिक्षानं येणारी मुलं उतरवून घ्यायला. म्हणजे झोपायच्या खोलीत एक बाई आणि दहा-बारा मुलं. त्यात मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीस, लाइट गेलेली. एक झोपायला लागलं की दुसरं त्याला उठवतं. त्या वीस मिनिटांत माणसाचा हात सुटतो. कारण सापडलं म्हणून माफी झाली असं मी म्हणत नाही. हात सुटला असेल तर ती बाई मुलांत परत नको. पण कामाचा तक्ता तसाच ठेवून नुसती बाई बदललीत, तर सहा महिन्यांनी नव्या बाईवर हेच पत्र मला लिहाल.

रजिस्टर वाचायलाही शिका. एका पाळणाघरात आईची तक्रार वागणुकीची नव्हतीच. "तो दुपारी फार झोपतो, रात्री एकपर्यंत जागतो," एवढंच. रविवारी घरी मात्र दुपारी तासभरही झोपत नाही, असं ती सहज म्हणून गेली. मी झोपेचं रजिस्टर मागितलं. महिनाभर सगळ्या मुलांची वेळ एकच, सव्वा ते सव्वापाच, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेली. मुलं अशी झोपतात कुठं? कुणी वीस मिनिटांत उठतं, कुणी झोपतच नाही. तीन दिवस दुपारी जाऊन बसले. चौथ्या दिवशी एका मदतनीस बाईच्या पिशवीत सर्दीच्या औषधाची बाटली निघाली, झाकणावर दुधाचे डाग. सर्दी एकाही मुलाला नव्हती. तिथं कुणी कुणाला बोटही लावलं नव्हतं, बाई गोड बोलायची, मुलं तिच्या मांडीवर जायची. बाटली, रजिस्टर, सगळं पोलिसांच्या हवाली केलं आणि त्याच संध्याकाळी प्रत्येक पालकाला बोलावून सांगितलं. म्हणून सांगते, तक्रार "मारलं" अशा शब्दांतच येईल याची वाट बघू नका. झोप, भूक, दाराशी आल्यावर घट्ट धरलेला पदर, शू कपड्यांत व्हायला लागणं, यातलं काहीही अचानक बदललं की नोंद करा.

चौघींशी बोलायचं ते वेगवेगळं, एकाच दिवशी, एकीचं झालं की तिला दुसरीला भेटू न देता. एकटीनं बोलू नका. बरोबर बाहेरचं एक माणूस घ्या: निवृत्त शिक्षिका, ओळखीचे बालरोगतज्ज्ञ, ज्यांचं मूल आता तुमच्याकडे नाही असे पालक. चौघींपैकी कुणी तुमची जाऊ, भाची, वहिनी लागत असेल (घरगुती पाळणाघरात लागतेच), तर चौकशी तुम्ही करूच नका, त्या बाहेरच्या माणसाला करू द्या. "तुम्ही चिमटा काढलात का?" या प्रश्नाला जगात एकच उत्तर असतं. त्यापेक्षा विचारा: "सोमवारी जेवणं झाली, ताटं उचलली, तिथून पुढं सांगा." मधे बोलू नका. मग रकान्यांवर या: "तुम्ही म्हणता दीडला दुसरी भांडी घासत होती, ती स्वतः म्हणते मी दारात होते." मग शेवटी तक्रार वाचून दाखवा, तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचा, मग सही किंवा अंगठा. तिला वाटलं तर घरचं कुणी शेजारी बसू दे.

निकाल लागेपर्यंत त्या मावशी मुलांपासून लांब. पगार चालू. हे दोन्ही. पगार चालू ठेवला म्हणजे शिक्षा नाही हे तिलाही कळतं, मोहल्ल्यालाही कळतं, आणि बाकीच्या तिघी खरं बोलायला धजतात. तडकाफडकी काढलीत, तर दोन्हीकडून नुकसान. तिनं केलं नसेल तर माझ्या अक्कासारखं होईल. केलं असेल तर दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या पाळणाघरात ती सोमवारी कामाला लागलेली असेल, कारण तिच्याबद्दलचा एकही कागद कुठं नसेल. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नोंदणी दाखलाही लागत नाही, धंदा सुरू केल्याचं कळवलं की झालं. तुमच्यासारखी बहुतेक घरगुती पाळणाघरं याच रांगेतली, आपणहून तपासायला कुणी दारात येईल अशी आशा नको. म्हणून तुमच्या चौकशीची वही हाच बहुधा एकुलता एक कागद असतो. नव्या बाईला घेताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागता, तशी आधीच्या पाळणाघराला फोन करायची सवयही लावून घ्या.

ग्रुपवर वाद घालू नका. फोटो टाकणाऱ्या पालकांना वेगळा फोन करा आणि मुलाची ओळख पटेल असं काही तिथं ठेवू नका अशी विनंती करा. कायद्यालाही मुलाची ओळख अशी बाहेर गेलेली चालत नाही. ग्रुपवर चार ओळी पुरेत: "सोमवारी एका मुलाला झालेल्या दुखापतीबद्दल तक्रार आली आहे. चौकशी सुरू आहे, त्यात बाहेरची व्यक्ती आहे. संबंधित कर्मचारी तोवर मुलांसोबत काम करणार नाहीत. निर्णय अमुक तारखेला प्रत्येकाला भेटून सांगू. तुमच्या मुलाबद्दल काही सांगायचं असेल तर मला थेट फोन करा." शेवटचं वाक्य गाळू नका. आपलं पोर आत ठेवून बाहेर तक्रार कशी करायची, या भीतीनं गप्प बसलेले दोन-तीन पालक प्रत्येक पाळणाघरात असतात. ते आता फोन करतील. आणि तक्रार केलेल्या आईच्या मुलाला पुढचे दोन महिने कुणी टोमणे मारत नाही ना, "आला बघ तक्रारवाला" म्हणत नाही ना, हे तुम्ही स्वतः बघा.

निर्णय लिहिताना तीन शब्द वेगळे ठेवा. घडलं. घडलं नाही. सिद्ध झालं नाही. तिसऱ्याला दुसऱ्यात ढकलायचा मोह होतो, कारण मग सगळे घरी जातात. पण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त प्रकरणं तिसऱ्यातच थांबतात, आणि तिथंच तुमचं काम वाढतं. त्या मावशींना एकटीनं मुलं द्यायची नाहीत, झोपवताना दोघी, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, हे सगळं लिहून. आईला सांगा की काय काय तपासलं, काय मिळालं, काय मिळालं नाही. दुसऱ्या मुलांची नावं तिला सांगायची नाहीत. डॉक्टरांनी वण मुद्दाम केलेला दिसतो असं लिहिलं, तर तुमचा निर्णय काहीही असो, पोलिसांना तुम्हीच कळवा, आणि त्यानंतर मावशींना, साक्षीदारांना पुन्हा काही विचारू नका; वही आणि रेकॉर्डिंग त्यांच्या हवाली करा. कळवूनही ठाण्यात कुणी मनावर घेत नाही असं वाटलं, तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती आहेत. तुमच्या कुठल्या पालकाचा तुमच्यावरच विश्वास उरला नसेल, तर त्यांनाही तोच पत्ता द्या.

कॅमेऱ्याचं शेवटी लिहितेय, पण कामाला लागाल ते तिथूनच. तुमचं पत्र आलं तो दिवस गुरुवार. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, भरला की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. डिस्क लहान असेल तर आठवडाभरात सोमवार गेलेला असेल. बसवणाऱ्या माणसाला आज बोलवा आणि त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारपासूनचं सगळं रेकॉर्डिंग दोन पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, नुसती "महत्त्वाची" क्लिप नाही. ती क्लिप कुणालाही पाठवायची नाही, तीत दुसऱ्यांची पंचवीस मुलं आहेत. हे कोर्टात गेलं तर रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून कुणी, कधी, कशावर उतरवलं तेही वहीत लिहा. आणि बघताना एकट्या बघू नका. मारण्याचा क्षण शोधत बसू नका, तो बहुधा नसतोच. मुलांकडे बघा. मी एकदा तासन् तास रेकॉर्डिंग बघितलं, त्यात एकही थप्पड नव्हती. पण एक बाई खोलीत शिरली की भिंतीकडेची चार मुलं प्रत्येक वेळी पाय आत ओढून घ्यायची.

झोपायच्या खोलीत कॅमेरा नाही म्हणता, पण तिचं दार हॉलच्या कॅमेऱ्यात येतं का ते बघा. येत असेल तर सव्वा ते तीन कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कोण एकटं होतं, हे तुमच्या कागदावरच्या रिकाम्या रकान्यांत भरता येईल. (पुढे सुताराला बोलवून त्या दाराला काचेची उभी पट्टी बसवून घ्या. कॅमेऱ्यापेक्षा मला ती जास्त भरवशाची वाटते.) आणि काही बघायच्या आधी, डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलवरची वेळ, दोन्ही एका फोटोत घ्या. मी पाहिलेल्या बहुतेक डीव्हीआरची घड्याळं चुकलेली होती, एकाचं तर सत्तेचाळीस मिनिटांनी. तेवढ्यात पाळणाघरातली पाळी बदलते.